फायर अलार्म टेक्निशियनची अप्रेंटिसशिप : पुण्यात एक वर्ष केलं, त्याचा रिव्ह्यू

आयटीआय झालं की आमच्याकडे सगळ्यांचं एकच ठरलेलं असतं, चाकणला नाहीतर रांजणगावला एखाद्या ऑटो कंपनीत अप्रेंटिस लागायचं, बस असते, कॅन्टीन असतं, घरच्यांना पण सांगायला बरं. मी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड केला आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एका छोट्या फायर अलार्म कॉन्ट्रॅक्टरकडे वर्षभराची अप्रेंटिसशिप केली. या कामाबद्दल मराठीत कोणी नीट सांगत नाही, जॉइन व्हायच्या आधी मी खूप शोधलं होतं, तेव्हा जे मला वाचायला मिळायला हवं होतं ते लिहितेय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत. आधी रेटिंग सांगते: काम शिकायला पाचपैकी साडेचार, पैसे आणि सोयींना दोन.

कंपनी म्हणजे मालक, डिझाइन बघणारे एक सर, पाच-सहा टेक्निशियन आणि काम असेल तसे हेल्पर. पण लायसन्स्ड एजन्सी होती, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा कायदा आहे, त्याप्रमाणे बिल्डिंगमधली फायर सिस्टिम बसवणं आणि मेंटेन करणं हे लायसन्स असलेल्या एजन्सीनंच करायचं असतं, आणि काम झाल्यावर फॉर्म ए द्यायचा, नंतर दर सहा महिन्यांनी म्हणजे जानेवारीत आणि जुलैत सिस्टिम चालू आहे म्हणून फॉर्म बी द्यायचा. अशा एजन्सीकडे शिकलात तर नवीन काम आणि मेंटेनन्स दोन्ही बघायला मिळतं. नुसतं लेबर पुरवणाऱ्याकडे गेलात तर वर्षभर केबलच ओढाल.

केबल मीपण ओढली, सुरुवातीचे महिने दुसरं काहीच नव्हतं. हिंजवडीला एका ऑफिस बिल्डिंगचं काम चालू होतं, लाल रंगाची दोन कोअरची म्हणजे आत दोन तारा असलेली, दीड स्क्वेअरची (दीड स्क्वेअर एमएम जाडीची) आर्मर्ड म्हणजे वरून लोखंडी तारांचं कवच असलेली केबल, ड्रमवरून उतरवायची, ट्रेवरून न्यायची, सॅडल म्हणजे केबल धरून ठेवणाऱ्या पट्ट्या मारायच्या, प्रत्येक डिटेक्टरच्या पॉइंटला थोडी जादा केबल सोडायची, दोन्ही टोकांना टॅग लावायचा. खांदे दुखतात, घोड्यावर उभं राहून मान वर करून हिल्टी (ड्रिल मशीन) मारायची म्हणजे डोळ्यात सिमेंट, गॉगल कितीही लावा. बरीच मुलं इथंच सोडून जातात, माझ्यासोबत जॉइन झालेला एकजण दिवाळीनंतर आलाच नाही. पण हे महिने वाया जात नाहीत असं मी मनापासून सांगेन, कारण नंतर पॅनेलवर, म्हणजे सगळी सिस्टिम सांभाळणाऱ्या मेन डब्यावर, जे जे फॉल्ट दिसतात त्यातले बहुतेक इथंच जन्माला आलेले असतात. ग्लँड (केबल बॉक्सला घट्ट धरणारा तुकडा) मारताना आर्मरची एक तार आत राहिली आणि कोअरच्या इन्सुलेशनला टोचली की आज काही होत नाही, पावसाळ्यात बेसमेंटला ओल आली की पॅनेल ग्राउंड फॉल्ट, म्हणजे वायर अर्थला लागलीय असा फॉल्ट, दाखवायला लागतं. शील्डची म्हणजे केबलच्या आतल्या धातूच्या आवरणाची ड्रेन वायर प्रत्येक बॉक्समध्ये एकमेकीला जोडून पुढं न्यायची पण अर्थिंग फक्त पॅनेलच्या टोकाला, मधे कुठं बॉक्सला टेकली तर गोंधळ. आणि मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, तो करायचा डिटेक्टर वगैरे काहीही लावायच्या आधी, कारण मेगर 500 व्होल्ट सोडतो आणि आपली लूप (सगळे डिटेक्टर जोडलेली लाइन) साधारण 24 व्होल्टच्या आसपास चालणारी, डिव्हाइस लावून मेगर फिरवला तर आतलं सर्किट गेलं समजा.

आमच्या सीनियर टेक्निशियनना सगळे दादा म्हणायचे, सोलापूरकडचे, वीसेक वर्षं याच लाइनला. त्यांची शिकवायची पद्धत मला फार आवडली. ते आधी सांगायचे नाहीत, मीटर हातात द्यायचे आणि विचारायचे, "किती आला? मग केबल किती लांब असेल सांग." दीड स्क्वेअरची तांब्याची तार किलोमीटरला साधारण 12 ओहम, जाऊन-येऊन 24. म्हणजे टोकाला दोन्ही कोअर शॉर्ट करून इकडून मोजलं आणि 12 ओहम आले तर केबल अंदाजे अर्धा किलोमीटर. ड्रॉइंगवर साडेतीनशे मीटर लिहिलेलं असेल तर कुठंतरी जॉइंट लूज आहे किंवा कोणीतरी भलत्या रस्त्यानं केबल फिरवलीय. आयटीआयला ओहमचा नियम दोन वर्षं घोकला होता पण तो असा वापरायचा असतो हे मला हिंजवडीच्या चौथ्या मजल्यावर कळलं.

आता ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिस्टिम दोन प्रकारच्या. कन्व्हेन्शनल म्हणजे बिल्डिंगचे झोन पाडायचे, एका झोनचे सगळे डिटेक्टर एका जोडीवर, शेवटच्या डिटेक्टरला एंड ऑफ लाइन रेझिस्टर लावायचा. पॅनेल त्या रेझिस्टरमधून जाणारा बारीक करंट बघत बसतं, करंट थांबला की वायर तुटली, वाढला की अलार्म नाहीतर शॉर्ट. कुठला झोन ते कळतं, कुठली खोली ते कळत नाही. ॲड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिव्हाइसला नंबर असतो, स्क्रूड्रायव्हरनं डायल फिरवून किंवा डिप स्विचनं सेट करायचा, आणि केबल पॅनेलमधून निघून सगळीकडे फिरून परत पॅनेलला येते, म्हणून लूप. एका जागी तुटली तरी पॅनेल दोन्ही बाजूंनी बोलतं, सगळे डिव्हाइस चालू राहतात, फक्त ओपन लूप म्हणून दाखवतं. शॉर्ट झाला तर मधले आयसोलेटर तेवढाच तुकडा बाजूला काढतात. हे पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं तेव्हा खरंच भारी वाटलं, दादांनी चालू लूपची वायर काढली आणि एकही डिटेक्टर गेला नाही.

लोकांना वाटतं डिटेक्टर बसवणं म्हणजे छताला स्क्रू मारणं. तसं नाहीये. आत एक इन्फ्रारेड एलईडी असतो आणि कोनात एक फोटोडायोड, एरवी उजेड डायोडवर पडत नाही, धूर आत शिरला की कणांवरून उजेड विखुरतो आणि डायोडला दिसतो. धूळ गेली तरी अगदी तेच होतं. म्हणून पीओपी, पेंटिंग, ग्राइंडिंग संपेपर्यंत डिटेक्टरची प्लास्टिकची टोपी काढायची नाही, आणि प्रत्येक साइटवर कोणीतरी इंटिरियरवाला ती काढतोच, मग हँडओव्हरच्या आधी सगळे डिटेक्टर उतरवून ब्लोअर मारत बसा. जागापण बघावी लागते, एसीच्या तोंडाजवळ लावला तर धूर त्याच्यापर्यंत पोचणारच नाही, हवा ढकलून देते, निदान एक मीटर लांब पाहिजे, आणि भिंतीला चिकटून कोपऱ्यात तर नाहीच, अर्धा मीटर तरी सोडायचा. ब्रिटिश स्टँडर्ड बीएस 5839 मध्ये सपाट छताला असं गणित आहे की खोलीतला कुठलाही बिंदू धुराच्या डिटेक्टरपासून साडेसात मीटरपेक्षा लांब नको, उष्णतेच्या डिटेक्टरपासून 5.3 मीटरपेक्षा लांब नको. आपल्याकडे आयएस 2189 आणि नॅशनल बिल्डिंग कोड 2016 चा भाग 4 बघायचा असतो. ऑफिसच्या किचनमध्ये, पँट्रीत स्मोक लावला की रोज फोडणीला अलार्म होणार, तिथं हीट डिटेक्टर. फॉल्स सीलिंगच्या वर डिटेक्टर असेल तर खाली दाराशी रिस्पॉन्स इंडिकेटर, म्हणजे तो वाजला की पेटणारा छोटा दिवा हवा, नाहीतर वाजलेला डिटेक्टर कुठं लपलाय ते शोधायला सीलिंगची एकेक टाइल उचलत फिरावं लागतं.

हे सगळं मला डिझाइनच्या सरांनी सांगितलं, पण सांगितलं ते विचारल्यावर. इथं पहिली तक्रार येते, कंपनीत थिअरी शिकवायची काही पद्धतच नव्हती. ना क्लास, ना नोट्स, कोडचं पुस्तक ऑफिसच्या कपाटात कुलपात. मी शनिवारी लवकर जाऊन सरांकडून एकेक गोष्ट काढून घेतली. बॅटरीचं गणित त्यांनी एका चहाच्या वेळात शिकवलं ते अजून वहीत आहे: पॅनेल आणि डिव्हाइस मिळून स्टँडबायला अर्धा अँपिअर खात असतील तर 24 तासांचे 12 अँपिअर-अवर, अलार्ममध्ये दोन अँपिअर आणि तो अर्धा तास धरला तर वरती एक, झाले 13, बॅटरी जुनी होते म्हणून सव्वापट, म्हणजे सव्वासोळा, तर 18 च्या दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये. एवढं सोपं आहे, आणि तरी कितीतरी सोसायट्यांत 18 च्या जागी 7 च्या बॅटऱ्या लावलेल्या मी बघितल्यात कारण त्या स्वस्त मिळतात. लाइट गेल्यावर अशी सिस्टिम किती वेळ टिकेल ते तुम्हीच काढा. जो मुलगा हे गणित स्वतः करू शकतो तो साइटवर बसवायला आलेल्या बॅटरीकडे बघून बोलू शकतो, म्हणून मला वाटतं हे प्रत्येक अप्रेंटिसला पहिल्या महिन्यात शिकवायलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त शिकले ती सर्व्हिस सीझनमध्ये. जानेवारी आणि जुलै आले की फॉर्म बीची घाई, सोसायटी, हॉस्पिटल, शाळा, मॉल, सगळ्यांना एकदम सर्टिफिकेट पाहिजे असतं. तेव्हा माणसं कमी पडतात आणि अप्रेंटिसला पॅनेलसमोर बसायला मिळतं. एका जुन्या व्यापारी बिल्डिंगमध्ये ग्राउंड फॉल्ट येत होता, मधेच यायचा मधेच जायचा, आधीच्या एजन्सीनं पॅनेलमधली अर्थिंगची वायरच काढून ठेवली होती म्हणजे फॉल्ट दिसायला नको. दादांनी ती परत लावली आणि मला सांगितलं, "आता तू शोध, मी खाली चहा घेतो." पद्धत अशी की लूप मधोमध उघडायची, कुठल्या अर्ध्यात फॉल्ट आहे बघायचं, तो अर्धा परत मधोमध उघडायचा. शंभर डिव्हाइस असले तरी सात वेळा उघडलं की जागा सापडते. सापडला तो दुसऱ्या मजल्यावर मॅन्युअल कॉल पॉइंटच्या (आग दिसली की हातानं दाबायच्या लाल डब्याच्या) मागं, स्क्रूनं केबल दाबली होती. आयटीआयची दोन वर्षं एका बाजूला आणि ती दुपार एका बाजूला.

आणि टेस्टिंग. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा रिव्ह्यू लिहिण्यामागचं खरं कारण हेच. डिटेक्टर टेस्ट करायचा योग्य मार्ग म्हणजे लांब काठीवर बसवलेला कप आणि त्यात टेस्ट स्मोकचा कॅन, धूर बाहेरून आत जाऊन डिटेक्टरनं पकडला पाहिजे, पॅनेलवर बरोबर नंबर आणि बरोबर जागेचं नाव आलं पाहिजे, हूटर वाजला पाहिजे. मार्केटमध्ये चालतं काय, तर अगरबत्ती लावतात, तिची काजळी आणि तेल चेंबरमध्ये बसतं आणि डिटेक्टर खराब होतो. किंवा मॅग्नेट लावतात, त्यानं फक्त आतलं इलेक्ट्रॉनिक्स चालू आहे एवढं कळतं, धूर आत जातोय का ते कळत नाही, जाळी धुळीनं पूर्ण बुजली असेल तरी मॅग्नेटवर पास. आणि काही ठिकाणी तर चार डिटेक्टर वाजवून सगळ्या बिल्डिंगचा रिपोर्ट भरतात. माझ्या कंपनीला मी इतके मार्क देतेय ते यासाठी की तिथं मालकांचा नियमच होता, प्रत्येक डिटेक्टर धुरानंच टेस्ट होणार आणि प्रत्येकाची वेळ पॅनेलच्या हिस्टरीतून काढून रिपोर्टला लागणार. कस्टमर कटकट करायचे की किती वेळ लावता, शेजारची एजन्सी दोन तासांत करून जाते. मालक शांतपणे सांगायचे, मग त्यांच्याकडून करून घ्या, माझी सही मिळणार नाही.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या वॉर्डला आग लागून 10 बाळं गेली, त्यातली जास्त धुरानं गुदमरून गेली असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. एका हॉस्पिटलच्या बाळांच्या वॉर्डमध्ये टेस्टिंगला गेले होते तेव्हा तिथल्या सिस्टरनं मला स्वतःहून ते विचारलं, "हे खरंच वाजेल ना ताई?" मी त्यांच्यासमोर धूर देऊन वाजवून दाखवला, नर्सिंग स्टेशनच्या पॅनेलवर जागेचं नाव कसं येतं ते दाखवलं, आणि हूटर बंद करायचा तर कुठलं बटण, रीसेट कधी करायचं नाही हेपण. हे काम करताना मनात हीच माणसं पाहिजेत.

म्हणूनच हँडओव्हरची ट्रेनिंग हा भाग मला कमी वाटला. बिल्डिंग पूर्ण झाली की फॅसिलिटीवाल्या साहेबांना इंग्रजीत अर्धा तास डेमो, त्यांची सही, संपलं. रात्री पॅनेलजवळ असतो वॉचमन, त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं, तो आवाज आला की सायलेन्स दाबतो आणि बसतो. मी सरांना विचारून काही साइटवर पॅनेलशेजारी मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात कागद लावला, आधी ॲकनॉलेज दाबा, जागा वाचा, तिथं जाऊन बघा, मगच सायलेन्स, आणि आग नाही हे बघितल्याशिवाय रीसेट नाही. वॉचमनकाकांनी स्वतःहून वाचून घेतलं. कंपनीनं हे सगळीकडे करावं असं मी सांगून आलेय.

आता पैसे. 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआयवाल्याला तेव्हा महिना किमान 7000 स्टायपेंड होता, मला तेवढाच. त्यातला 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकारचा वाटा होता नॅप्स म्हणजे नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीममधून, तो थेट आपल्या खात्यात यायचा. कंपनीचा वाटा मात्र वेळेवर आला असे महिने कमी, कधी पंधरा तारीख, कधी वीस. भोसरीत रूमचं भाडं, मेस आणि साइटला जायचं पेट्रोल धरलं तर 7000 त काही होत नाही, घरून पैसे मागवावे लागले आणि ते मला फार टोचलं. साइट बदलली की प्रवासखर्च आम्हीच भरायचा, हे चुकीचंच आहे. सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट मोठ्या साइटवर मिळायचे कारण तिथले सेफ्टी ऑफिसर गेटवर अडवतात, छोट्या सोसायटीत शिडीवर तसंच चढा. अप्रेंटिसला कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते हे अप्रेंटिस कायद्यातच लिहिलंय, 1961 चा कायदा आहे, तो नुसता सही करायचा कागद समजू नका.

मुलींसाठी वेगळं सांगते. काम मुलींना जमत नाही वगैरे काही नाही, बारीक वायरिंग, टर्मिनेशन, टॅगिंग, प्रोग्रामिंग यात माझं काम टापटीप असायचं असं दादा सगळ्यांना दाखवायचे. प्रश्न टॉयलेटचा आहे. चालू बांधकामावर बायकांसाठी सोय नसते, आणि पाणी कमी पिऊन दिवस काढायचा हे काही उत्तर नाही. पहिल्याच दिवशी साइट इंजिनिअरला स्पष्ट विचारा, शेजारच्या तयार बिल्डिंगची चावी वगैरे काहीतरी निघतं. मी तिसऱ्या साइटपासून हे न लाजता विचारायला लागले आणि मग मालकांनीच नवीन साइटला जायच्या आधी फोन करून सोय बघायला सुरुवात केली.

एक मोठी उणीव म्हणजे प्रोग्रामिंग. ॲड्रेसेबल पॅनेलमध्ये कुठला डिटेक्टर वाजला की काय व्हायला पाहिजे ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, लिफ्ट खाली यायची, एएचयू (एसीची हवा फिरवणारं मशीन) बंद, ॲक्सेस कंट्रोलची दारं उघडायची, जिन्यात धूर शिरू नये म्हणून तिथले प्रेशरायझेशन फॅन चालू. त्याला कॉज अँड इफेक्ट म्हणतात. खरा पगार इथं आहे. सॉफ्टवेअर आणि पासवर्ड पॅनेलच्या कंपन्या ट्रेनिंग झालेल्या माणसालाच देतात, आणि आमच्याकडे ते ट्रेनिंग एकट्या सरांचं झालेलं. मी शेजारी बसून कॉज अँड इफेक्टच्या तक्त्यांच्या एक्सेल शीट भरल्या, टेस्टिंगच्या वेळी लिफ्ट खरंच ग्राउंडला येते का ते पळत जाऊन बघितलं, पण स्वतः प्रोग्राम टाकायला मिळाला तो एका छोट्या पॅनेलवर, शेवटच्या महिन्यात.

बरेचजण विचारतात फायर अँड सेफ्टीचा डिप्लोमा करू का. तो कोर्स वेगळ्या कामाचा आहे, फायरमन, सेफ्टी ऑफिसर अशा लाइनचा. नागपूरला नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहे ते अग्निशमन सेवेच्या शिक्षणासाठी. अलार्मच्या कामाला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन यातलं काहीतरी करून मग अप्रेंटिसशिप, हा रस्ता मला सरळ वाटतो. गल्लीतल्या क्लासमध्ये भरमसाट फी भरून टेबलावर एक कन्व्हेन्शनल पॅनेल आणि चार डिटेक्टर बघण्यापेक्षा 7000 घेऊन खऱ्या साइटवर शिकणं केव्हाही बरं.

वर्ष संपल्यावर मी दुसऱ्या एका कंपनीत सर्व्हिस टेक्निशियन म्हणून लागले. इंटरव्ह्यूला टेबलावर पॅनेल ठेवलं होतं, दोन डिव्हाइसना मुद्दाम एकच नंबर दिलेला आणि एका हूटरची पोलॅरिटी उलटी. दोन्ही शोधून दिले, बाकी फारसं काही विचारलंच नाही.

जॉइन व्हायच्या आधी अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुमचं कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर झालंय का ते स्वतः लॉगइन करून बघा, तोंडी "हो हो टाकतो" वर जाऊ नका, नाहीतर सर्टिफिकेटपण नाही आणि सरकारचा वाटापण नाही. मालकाला विचारा की सर्व्हिसची कामं आहेत का आणि टेस्टिंग कशानं करता. कॅन आणि काठी दाखवली तर जा, अगरबत्ती म्हणाले तर नको. आणि जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास जॉइन व्हा, म्हणजे जानेवारीची फॉर्म बीची गर्दी सुरू होईपर्यंत तुमचं केबल-ग्लँडिंग हातात बसलेलं असतं आणि पॅनेलसमोर बसायला मिळतं.